राजाबाई मनोऱ्याचे दाते : श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या दानशूर श्रावकाचे चरित्र असावे, अशी सूचना आली तेव्हा वस्तुपाल-तेजपाल, जगडूशा, भामाशा, मोतीशा शेठ ही नावे सहजच डोळ्यांपुढे आली. पर्युषणातील व्याख्यानांत ही पुण्यश्लोक नावे आपण दरवर्षी ऐकत आलो आहोत. श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद यांचे नाव मात्र त्या मालिकेत क्वचितच येते. याची दोन कारणे संभवतात. त्यांचे सर्वांत ख्यातकीर्त दान जिनालयाला वा उपाश्रयाला नव्हे, मुंबई विद्यापीठाला मिळाले, हे एक. आणि त्यांच्या चरित्रात उजेडाबरोबर गडद सावलीही आहे, हे दुसरे. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही कारणे ते चरित्र सांगण्याच्याच बाजूची वाटतात.

सारसोळे-नेरूळ परिसरातील आपली अनेक मुले-मुली मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयांत शिकली आणि शिकत आहेत. पदवीचे प्रमाणपत्र घरी आले की ते आधी देरासरात परमात्म्यापुढे ठेवावे आणि मग कपाटात जावे, अशी रीत कित्येक घरांत आहे. त्या प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाची मुद्रा असते, त्याचे मूळ घर फोर्टमध्ये आहे. हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून ओव्हल मैदानापर्यंत चालत गेले, की मैदानाच्या पूर्व कडेला दगडी शिल्पकामाने नटलेल्या दोन वास्तू शेजारी-शेजारी दिसतात. एक सर कावसजी जहांगीर पदवीदान सभागृह आणि दुसरी विद्यापीठाचे ग्रंथालय व त्यावरील राजाबाई मनोरा. पहिली वास्तू एका पारशी गृहस्थाच्या दानातून उभी राहिली, दुसरी एका जैन गृहस्थाच्या. या दुसऱ्या गृहस्थाची ही कथा आहे.

प्रेमचंदशेठांचा जन्म सन १८३१ च्या सुमारास सुरतेच्या एका ओसवाल जैन कुटुंबात झाला. पित्याचे नाव रायचंद दीपचंद, मातेचे राजाबाई. सुरतेचे व्यापारी वैभव तेव्हा ओसरले होते आणि गुजरातेतील व्यापारी कुटुंबे एकामागून एक मुंबईची वाट धरीत होती. रायचंदभाईंचे कुटुंबही मुंबईस आले. मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे हा त्या काळातील व्यापारी घराला सहसा न सुचणारा विचार या घराला सुचला. इंग्रजी लिहू, वाचू व बोलू शकणारा मुंबईतील पहिला देशी दलाल, असे प्रेमचंदशेठांचे वर्णन पुढे केले जाऊ लागले, त्याचे मूळ या शिक्षणात आहे. सन १८४९ च्या सुमारास, वयाची विशीही ओलांडली नसताना, त्यांनी एका दलालाच्या हाताखाली कामास प्रारंभ केला. इंग्रज पेढ्यांचे साहेब आणि देशी व्यापारी यांच्यामध्ये तोवर दुभाषे असत. दोन्ही बाजूंशी थेट बोलू शकणारा हा तरुण लवकरच त्या दुभाष्यांच्या पुढे निघून गेला. कापूस, सोने-चांदी, हुंड्या आणि शेअर या चारही बाजारांत त्याचा शब्द चालू लागला.

सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडविली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड येथील कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि भाव अनेक पटींनी चढले. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईस नेहमीच्या कमाईखेरीज सात-आठ कोटी पौंड मिळाले, असा अंदाज त्या काळच्या जाणकारांनी केला आहे. हा पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न पडला आणि त्यातून कंपन्यांचे पेव फुटले. सन १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. या सर्व व्यवहारांच्या मध्यभागी प्रेमचंदशेठ होते. नवी कंपनी निघाली की तिचे किती शेअर कोणाला मिळावेत याची यादी त्यांच्या भायखळ्याच्या निवासात ठरते, असे बोलले जाई. वय अवघे तेहेतीस-चौतीस होते.

याच भरतीच्या दिवसांत ते दान घडले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली होती. पण त्याला स्वतःचे घर नव्हते. परीक्षा कोठेतरी, कचेरी कोठेतरी आणि पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये, अशी स्थिती होती. सन १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हा ज्या विद्यापीठाचे ते पदवीधर होते त्याच्या मालकीचे एक दालनसुद्धा नव्हते. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत सार्वजनिक इमारती उभारण्याचा संकल्प झाला. विद्यापीठाच्या सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १ लाख रुपये दिले. ऑगस्ट १८६४ मध्ये प्रेमचंदशेठांनी ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले. ग्रंथालय शहराला भूषण व्हावे, गतकाळातील विद्वानांचे ग्रंथ तेथे साठावेत आणि पुढील पिढ्यांच्या ग्रंथांनाही तेथे जागा मिळावी, असा आशय त्यांनी विद्यापीठास कळविला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी २ लाख दिले. हे दुसरे दान ग्रंथालयाला जोडून एक मनोरा बांधण्यासाठी होते. त्यात मोठे घड्याळ आणि घंटांचा संच असावा आणि त्याला आपल्या मातेचे, राजाबाईंचे, नाव द्यावे, इतकीच त्यांची इच्छा होती. ग्रंथालयाला स्वतःचे नाव द्यावे असे त्यांनी सुचविले नाही. आपल्या पायरीपासून शिखरापर्यंत प्रत्येक दगडावर लाभार्थी परिवाराची तक्ती पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हे थोडे नवलाचे वाटेल.

यानंतर वर्षभराच्या आत सारे कोसळले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवल्याची वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव गडगडले. मुदतीचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी मुंबईत देणेकरी सगळे आणि घेणेकरीही सगळेच, पण रोकड कोणाहीजवळ नाही, अशी अवस्था झाली. बॅक बेचे शेअर रद्दीच्या मोलाचे झाले. मोठमोठी घराणी धुळीस मिळाली. विधवांच्या ठेवी, कारकुनांची आयुष्यभराची शिल्लक, पेन्शनरांची पुंजी, सारे त्यात गेले. प्रेमचंदशेठ काही काळ तग धरून राहिले. सन १८६६ मध्ये त्यांचीही पेढी बसली.

येथे चरित्रलेखकाने मान खाली घालून पुढे जाणे योग्य होणार नाही. सरकारचा ज्या बँकेशी संबंध होता, ती बँक ऑफ बॉम्बे या पडझडीत बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी सन १८६८ मध्ये आयोग नेमला गेला. पुरेशा तारणाशिवाय मोठमोठी कर्जे दिली गेली, शेअरच्या तारणावर पैसा देऊन तोच पैसा पुन्हा शेअरमध्ये ओतला गेला, आणि या साऱ्यात प्रेमचंदशेठांच्या शिफारशीला अवाजवी वजन होते, हे आयोगापुढे उघड झाले. सर दिनशा वाच्छा यांनी सन १९१० मध्ये या सट्ट्याचा इतिहास लिहिला. त्यातही या पर्वाचे चित्र कठोर आहे. बँकेच्या संचालकांचा, चिटणिसांचा आणि सरकारी अधिकाऱ्यांचा दोष मोठा होता, हे खरे. तरीही शेठांना केवळ दैवाचे बळी म्हणता येणार नाही.

आपल्या शास्त्रात श्रावकधर्माकडे जाणाऱ्याचे पस्तीस गुण सांगितले आहेत. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांची गणना केली आहे आणि त्यांत पहिला मान न्यायाने मिळविलेल्या संपत्तीला दिला आहे. दानाचा गुण पुढे येतो, धन कसे आले याचा विचार आधी. या कसोटीवर सट्ट्याच्या ऐन भरात मिळविलेल्या पैशाचे दान कोठे बसते? एक मुनिवर व्याख्यानात म्हणत की दानाने धनाचा दोष धुतला जात नाही, मात्र न दिलेल्या धनापेक्षा दिलेले धन निश्चितच बरे. प्रस्तुत लेखकाला हा निवाडा समतोल वाटतो. त्याहून अधिक कोमल निवाडा द्यायचा, तर ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांना विचारून द्यावा लागेल, आणि ते तर आता हयात नाहीत.

पण एक गोष्ट शेठांच्या बाजूने नि:संशय आहे. बोललेली रक्कम त्यांनी दिली. बोली बोलली की चढाव्याची रक्कम तत्काळ भरावी, धन आणि आयुष्य दोन्ही चंचल आहेत, हे आपले गुरुभगवंत वारंवार सांगतात, आणि ट्रस्टचे हिशेब पाहणाऱ्यांना त्या उपदेशाचे मोल अधिक चांगले ठाऊक आहे. शेठांचे दान नुसत्या वचनावर राहिले असते, तर पेढी बसल्यावर विद्यापीठ त्यांच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले असते. तसे झाले नाही. ४ लाखांची ती रक्कम दात्याच्या पडझडीतून वाचून विद्यापीठाकडे राहिली. दात्याजवळचे सर्व गेले. दिलेले तेवढे उरले.

बांधकामास सन १८६९ मध्ये प्रारंभ झाला. दोन्ही इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामांकित इंग्रज वास्तुशिल्पज्ञांनी लंडनमध्ये बसून केले. ते हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. परंतु आराखडा कागदावर राहतो आणि दगड घडवावा लागतो येथेच. कुर्ल्याच्या खाणीतील दगड वापरून देशी कारागिरांनी ही नक्षी उभी केली. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या ज्ञातींच्या स्त्रीपुरुषांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या देशी अभियंत्याने तयार केले. पगडी, पागोटे, फेटा यांची घडण इतकी बारकाईने केलेली आहे की गॉथिक मनोऱ्यावर ही आपली माणसे कशी चढली याचे कौतुक वाटते.

पदवीदान सभागृह सन १८७४ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट आणि छताच्या टोकापर्यंतची उंची ६३ फूट आहे. तीन बाजूंनी ८ फूट रुंदीचा सज्जा असून सुमारे एक हजार माणसे तेथे बसू शकतात. एका टोकाला मोठ्या कमानीपलीकडे अर्धवर्तुळाकार व्यासपीठ आहे, तर दर्शनी भिंतीवरील चक्राकार खिडकीत बारा राशींची चिन्हे रंगीत काचांत बसविली आहेत. त्या काचांतून येणारा प्रकाश उन्हाचा ताप कमी करून आत झिरपतो. बाहेरच्या बागेत सर कावसजींचा बसलेला पुतळा आहे; इंग्रज शिल्पकार थॉमस वूलनर यांनी तो घडविला.

या सभागृहाने समारंभाची जी परंपरा घडविली तिचे मूळ लंडन विद्यापीठाच्या रीतीत होते. झगे घातलेल्या अधिसभेच्या सभासदांची मिरवणूक आत येई. कुलपती, म्हणजे मुंबईचे गव्हर्नर, अध्यक्षस्थानी बसत. विद्याशाखांचे प्रमुख पदवीच्छूंना पुढे आणीत आणि कुलपती त्यांना पदवी देताना आजन्म आचरणाने व बोलण्याने या पदवीला शोभेल असे वागण्याची आज्ञा करीत. आपल्याकडे पाठशाळेत व्रताचे पच्चक्खाण देताना गुरू समोर असतात आणि घेणारा हात जोडून उभा असतो, त्याची येथे आठवण होते. पुढे दीक्षांत भाषणाची प्रथा प्रतिष्ठित झाली आणि व्यासपीठावरचे चेहरेही बदलले. सन १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले देशी कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर सन १८९३ मध्ये डॉ. भांडारकर त्या पदावर आले. ज्यांना पदवी मिळाली तेव्हा विद्यापीठाला छप्पर नव्हते, तेच आता या छपराखाली पदव्या देत होते. भांडारकरांचे आपल्या समाजावर आणखी एक ऋण आहे. सरकारसाठी हस्तलिखितांचा शोध घेताना त्यांनी जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांची नोंद केली आणि जैन वाङ्मयाकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि ग्रंथालय फेब्रुवारी १८८० मध्ये उघडले. ग्रंथालय व मनोरा यांना सुमारे साडेपाच लाख रुपये लागले. २८० फूट उंचीचा हा मनोरा कित्येक दशके मुंबईतील सर्वांत उंच वास्तू होता. सोळा घंटांचा संच वेगवेगळ्या सुरावटी वाजवी.

त्याविषयी एक कथा आपल्या समाजात फार प्रिय आहे. राजाबाईंना दृष्टी नव्हती. चौविहाराचे त्यांचे व्रत कडक असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे लागे, आणि कोणाला न विचारता वेळ कळावी म्हणून पुत्राने घंटांचा मनोरा उभारला, असे सांगतात. भायखळ्यातील घर आणि फोर्टमधील मनोरा यांतील अंतर लक्षात घेता आणि मनोऱ्यास लागलेली चौदा वर्षे मोजता ही कथा शब्दश: घेणे कठीण आहे. पण ती कोणी रचली असेल, तर सूर्यास्ताकडे डोळे लावून ताट वाढणाऱ्या आपल्याच घरातील कोणी तरी रचली असणार, यात संशय नाही. ज्या घरात आजही आजीला संध्याकाळी वेळ सांगावी लागते, त्या घराला ती खरी वाटावी हे स्वाभाविक आहे.

पेढी बसल्यानंतरचे प्रेमचंदशेठ वेगळे होते. त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही, तरी नाव सावरले. बाजाराला नियम असावेत हे धडा घेतलेल्या बाजारालाही पटले होते. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी ९ जुलै १८७५ रोजी जी संघटना स्थापिली, तिच्या संस्थापकांत प्रेमचंदशेठ अग्रभागी होते. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. ज्या हातांनी बेबंद सट्टा केला त्याच हातांनी त्याला बांध घातला, हे त्यांच्या चरित्रातील विशेष लक्षणीय पान होय.

त्यांची इतर दाने मोजायची तर पाने लागतील. अहमदाबादेतील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय, पित्याच्या नावाची सुरतेतील कन्याशाळा व भरूचमधील ग्रंथालय, ही काही ठळक उदाहरणे. कलकत्ता विद्यापीठास सन १८६६ मध्ये दिलेल्या २ लाखांतून तेथे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. सर आशुतोष मुखर्जी आणि सर जदुनाथ सरकार हे तिचे मानकरी. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणाऱ्या इतिहासकाराला तरुणपणी एका गुजराती जैन दलालाच्या दानाचा मान मिळाला होता, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक असावी.

आणि आपल्या मुलांचे काय? ऑगस्ट १८६४ मध्ये, ज्या महिन्यात ग्रंथालयाचे दान घडले त्याच महिन्यात, महुवा येथे वीरचंद राघवजी गांधी यांचा जन्म झाला. सन १८८४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि सन १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू त्यांनीच मांडली. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनीही याच विद्यापीठाची डी. लिट. सन १९३९ मध्ये संपादन केली आणि प्राकृत ग्रंथांच्या संपादनाला आयुष्य वाहिले. कापसाच्या सट्ट्यातून आलेला तो पैसा अखेर आगमांच्या अभ्यासापर्यंत असाही पोहोचला.

प्रेमचंदशेठ सन १९०६ मध्ये निवर्तले. त्यांचे भायखळ्यातील निवासस्थान पुढे ख्रिस्ती संस्थेकडे गेले आणि तेथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य सुरू झाले. सभागृहाचे जीर्णोद्धाराचे काम सन २००६-०७ मध्ये झाले, तर मनोरा व ग्रंथालयाचे सन २०१५ मध्ये पूर्ण झाले. युनेस्कोने दोन्ही कामांची दखल घेतली. ३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीचा हा वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. पदवीदानाचा मुख्य सोहळा अजूनही त्याच सभागृहात होतो, बारा राशींच्या काचांखाली.

आपल्या पाठशाळेच्या मुलांना एखाद्या रविवारी ओव्हल मैदानावर नेऊन हा मनोरा दाखवावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. सकाळी लवकर निघाल्यास मुलांना नवकारशी करून जाता येईल आणि ऊन चढण्यापूर्वी परतताही येईल.

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध अथवा दिवंगत आत्म्याला उणेपणा येईल असे काही लिहिले गेले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.